राणीच्या बागेत वसंत बघायला जाताय? आधी खाली बघा

मुंबईत वसंत येतो यावर मुंबईकरांचाच विश्वास नसतो. पाच-सहा दिवस थंडी पडते, कपाटातला स्वेटर बाहेर येतो, त्याचा डांबरगोळ्यांचा वास जायच्या आत पुन्हा पंखा पाचवर. मग उन्हाळा, मग पाऊस. मधे वसंत बसतो कुठे?

बसतो. फक्त आपण त्याला वाफ्यांत शोधतो आणि तो असतो तीस-चाळीस फुटांवर. मुंबईचा वसंत झाडांचा आहे, रोपांचा नाही. तो बघायला एक सकाळ, पाण्याची बाटली आणि मान वर-खाली करायची तयारी एवढंच लागतं. जागा म्हणाल तर भायखळ्याची राणीची बाग. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय करायचं, ते मी स्वतः केलेल्या चुकांसकट सांगतो.

राणीची बाग म्हटलं की घरातली लहान मुलं पेंग्विन म्हणतात आणि मोठी माणसं हत्ती. पण ही बाग आधी झाडांची आहे, प्राणी नंतर आले. शेती-बागायतीला वाहिलेल्या एका संस्थेची शिवडीला बाग होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली. ज्या राणीची ही बाग ती व्हिक्टोरिया. पाटीवर आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला ‘राणीबाग’ म्हटलं की पुरतं. सुमारे तीन हजार झाडं आणि अडीचशेहून जास्त जाती, तेही भायखळ्यासारख्या दाटीवाटीच्या वस्तीत. ब्रह्मदेश, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा कुठकुठल्या मुलखांतली झाडं दीडशे वर्षांत इथली होऊन गेली आहेत.

दिवस कसा ठरवायचा

बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. मी पहिल्यांदा गेलो तो बुधवारीच. फाटकाबाहेर उभं राहून आतल्या झाडांचे शेंडे बघितले आणि परत फिरलो. रविवारीही जाऊ नका. बाग उघडी असते, पण पेंग्विनच्या रांगेतून वाट काढत झाड बघणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पुस्तक वाचणं.

महिना कोणता? पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. मुंबईची झाडं मात्र पंचांगाच्या थोडी पुढे धावतात. माझा अंदाज सोपा आहे: होळी पौर्णिमा ते गुढीपाडवा, हा पंधरवडा. पानगळ संपत आलेली असते, पालवी फुटत असते, आणि बरीचशी फुलं एकाच वेळी हजर असतात. त्याच्या महिनाभर आधी गेलात तर काटेसावर आणि पांगारा चांगले मिळतील, महिनाभर नंतर गेलात तर बहावा आणि तामण.

कॅलेंडरपेक्षा खात्रीचं एक चिन्ह आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात कडेला गुलाबी फुलांची झाडं लागतात. त्यांना वसंत राणी म्हणतात. मूळची मध्य अमेरिकेतली, पण नाव अगदी आपलं. बसच्या खिडकीतून ती गुलाबी झालेली दिसली की पुढच्या दोन-तीन आठवड्यांतली एक सकाळ मोकळी ठेवायची.

पोचायचं कसं, न्यायचं काय

मध्य रेल्वेवर भायखळा स्टेशन, पूर्वेकडून बाहेर पडायचं, तिथून दहा-बारा मिनिटं चालत. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी. बेस्टने येत असाल तर जिजामाता उद्यानाचा थांबा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिकीट खिडकी उघडते. उघडल्या उघडल्या आत जा. मार्चमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे जातो, आणि साडेअकरानंतर झाडाखाली उभं राहूनसुद्धा घामाच्या धारा लागतात. एकदा मी एप्रिलमध्ये दुपारी बाराला पोचलो. त्या दिवशी मला फक्त सरबतवाला आठवतो.

बरोबर टोपी, पाणी, छोटी वही. दुर्बीण असली तर न्याच. पक्ष्यांसाठी घेतलेली असते ती फुलांसाठी जास्त कामी येते, कारण इथली अर्धी फुलं डोळ्यांच्या टप्प्याबाहेर फुलतात. कपडे पूर्ण बाह्यांचे घाला. सावलीत डास आहेत आणि ते मोसम बघत नाहीत.

पहिला अर्धा तास: जमीन वाचायची

आत शिरलं की सगळे वर बघतात. मीही बघायचो. हिरवं छत दिसतं, छान वाटतं, आणि दहा मिनिटांत सगळी झाडं सारखीच वाटायला लागतात. ही मोठ्या बागेची अडचणच आहे.

म्हणून उलटं करा. पहिला अर्धा तास चालताना फक्त जमिनीकडे बघा. फुलांचा सडा दिसला की थांबा, पडलेलं फूल उचलून तळहातावर घ्या, आणि मगच ते कुठून आलं हे वर शोधा. जमीन तुम्हाला सांगते की आज या बागेत नेमकं काय फुललंय. शिवाय वर फूल कितीही उंचावर असलं तरी खाली ते तुमच्या हातात असतं. वास घेता येतो, पाकळ्या मोजता येतात, आतले केसर बघता येतात.

या पद्धतीने मला सापडलेलं पहिलं झाड मुचकुंद. लांबट, पांढुरक्या पाकळ्या आणि त्यांच्या भोवती केळीची सालं सोलून मागे वळवावीत तशी पाच जाड, तपकिरी निदलं, म्हणजे कळीवरची बाहेरची आवरणं. हे फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत गळायला लागतं, त्यामुळे दिवसा येणाऱ्याला ते झाडावर कमी आणि खाली जास्त भेटतं. वाळलं तरी वास जात नाही. मी एक गळालेलं फूल खिशात विसरलो होतो, दोन दिवसांनी धुवायला टाकलेल्या शर्टालाही वास होता. वर बघितलंत तर पानं ताटाएवढी. एका पानात एका माणसाचं जेवण सहज मावेल, आणि पूर्वी त्याच्या पत्रावळी करतही असत.

असंच कधी तुमच्या पायाशी मोठा, चपटा, कागदासारखा पंख असलेली बी पडलेली दिसेल. ती वर फेकून बघा, गरगरत खाली येते. ते बुद्धनारळाचं झाड. नारळाशी त्याचं नातं फळाच्या आकारापुरतंच. हा खेळ मुलांना पेंग्विनइतकाच आवडतो, आणि त्याला रांग नसते.

उर्वशी

ज्या एका झाडासाठी मी दरवर्षी जातो ते हे. मूळचं ब्रह्मदेशातलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्या पत्नीवरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं, अम्हर्स्टिया नोबिलिस. आपल्याकडे कुणीतरी त्याला उर्वशी म्हटलं आणि त्या मराठी नावापुढे लाटसाहेबांची बायको मागे पडली.

फुलांचा घोस फांदीवरून खाली लोंबतो, लाल झुंबरासारखा. प्रत्येक फूल वेगळं टांगलेलं. जवळून बघा: पाकळ्या पाच, पण सारख्या नाहीत. एक मोठी, पंख्यासारखी पसरलेली, टोकाला पिवळा ठिपका. तिच्या बाजूच्या दोन जरा अरुंद. उरलेल्या दोन इतक्या लहान की शोधाव्या लागतात. मोजायला लागलात की तीनवर थांबाल, मी दोन वर्षं थांबलो होतो.

या झाडाला बी फार कमी धरतं, त्यामुळे ते सहज वाढवता येत नाही आणि जगभरातल्या बागांत दुर्मीळ मानलं जातं. तेव्हा फांदी खाली ओढून फोटो काढण्याचा मोह टाळा.

उर्वशी कुठे आहे ते शोधण्यात वेळ घालवू नका, माळ्यांना विचारा. मात्र विचारायची पद्धत असते. मी आधी शास्त्रीय नाव सांगितलं, काहीच झालं नाही. ‘उर्वशी’ म्हटलं तरी काका विचारात. मग हाताने खाली लोंबणाऱ्या घोसाची खूण करून म्हटलं, “काका, ते लाल झुंबरवालं?” “अहो मग तसं सांगा ना,” म्हणाले आणि पाणी द्यायची नळी बाजूला टाकून बरोबर आले. जाता जाता आणखी दोन झाडं दाखवली, जी मी कधी विचारलीच नसती. बागेतलं रोजचं ज्ञान पाट्यांवर नाही, नळी धरणाऱ्या हातांत आहे. मात्र ते कामात असतील तर थांबा, आणि ‘अरे माळी’ अशी हाक मारू नका.

खरा अशोक आणि सोसायटीतला अशोक

तुमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून सरळसोट, टोकदार, मेणबत्तीसारखी उभी झाडं आहेत आणि सगळे त्याला अशोक म्हणतात ना? तो अशोक नाही. तो आसुपालव. बिल्डरांना आवडतो, कारण जागा खात नाही.

खरा तो सीताअशोक. बुटका, डेरेदार, आणि फाल्गुन-चैत्रात बघण्यासारखा. फुलांचे गेंद थेट फांद्यांवर, कधी कधी जाड जुन्या लाकडावरही चिकटून येतात. आधी पिवळे-केशरी, मग जसे दिवस जातात तसे लाल. त्यामुळे एकाच गेंदात सगळ्या छटा दिसतात. एक गंमत बघा: यातल्या एकाही फुलाला पाकळी नाही. जे रंगीत दिसतं ती निदलं, आणि बाहेर डोकावणारे लांब तंतू म्हणजे पुंकेसर. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी म्हणतात आणि त्या दिवशी अशोकाच्या कळ्या खाण्याची चाल आहे. बागेतल्या झाडावर ही चाल पाळू नका.

याच झाडावर कोवळी पानंही बघून घ्या. तांबूस, मऊ, ओल्या रुमालासारखी खाली लोंबलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाडाला पाणी कमी पडलंय. तसं नसतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि तांबडं रंगद्रव्य जास्त असतं. ते कोवळ्या पानाचं कडक उन्हापासून रक्षण करतं. पान जून झालं की हिरवं होतं आणि ताठ उभं राहतं. उर्वशीची कोवळी पानंही अशीच लोंबतात. तांबूस पिंपळपान तर बागेच्या बाहेर, कुठल्याही पारावर दिसेल. मला विचाराल तर मुंबईच्या वसंतात फुलापेक्षा पालवी सरस असते. फुलं फोटोत येतात, आणि कोवळ्या पिंपळातून सकाळचं ऊन आरपार येताना जे दिसतं ते माझ्या फोनला आजवर जमलेलं नाही.

कैलासपती: लांबून बघा

याला काहीजण नागलिंगी म्हणतात. फुलं शेंड्याला नाहीत, थेट बुंध्यातून फुटलेल्या वेड्यावाकड्या फांद्यांवर येतात, म्हणजे दुर्बीण नको. जाड गुलाबी पाकळ्यांच्या मध्ये नागाच्या फण्यासारखा वळलेला भाग, आणि त्याखाली गोल बैठक. शंकराची पिंडी आणि वर नाग, हे कुणालाही न सांगता दिसतं. म्हणून ते देवळांच्या आवारात लावलं जातं. झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं आहे, पुराणांत ते असणं शक्य नाही. श्रद्धेला त्याने काही फरक पडत नाही आणि पडू नये, पण पुढच्या वेळी कुणी त्याची पाच हजार वर्षांची कथा सांगायला लागलं तर हसू आवरा.

आतली रचना हुशारीची आहे. फुलात मध नसतो. फण्यातले पराग भुंग्या-मधमाश्यांना खाण्यासाठी असतात. ते खायला माशी आत शिरली की खालच्या बैठकीतले पराग तिच्या पाठीला लागतात, आणि तेच पुढच्या फुलात कामाला येतात. वरचं जेवण, खालचं काम.

या झाडाच्या अगदी खाली उभे राहू नका. फळं तोफगोळ्याएवढी आणि तितकीच जड वाटावी अशी, आणि पडताना आवाज देत नाहीत. फुटलेल्या फळाचा वास फुलाच्या सुगंधाच्या बरोबर उलट असतो.

पाटी वाचायची कशी, फोटो काढायचे कसे

बऱ्याच झाडांवर नावाची पाटी आहे, पण सगळ्या वाचता येतील असं नाही. लॅटिन नाव बघून घाबरू नका. पहिला शब्द कुळाचा, दुसरा व्यक्तीचा, आपल्या नावाच्या उलट, आडनाव आधी. दुसरा शब्द बहुतेकदा वर्णन असतो. ‘लाँगिफोलिया’ म्हणजे लांब पानांचा, ‘इंडिका’ म्हणजे भारतातला, ‘अलाटा’ म्हणजे पंखांचा, ‘स्पेसिओसा’ म्हणजे देखणा. असे दहा शब्द पाठ झाले की पाटी झाडाबद्दल काहीतरी सांगायला लागते.

पाटी नसेल तर फोनवर गुगल लेन्स किंवा प्लांटनेट आहे. पण नवखे लोक फक्त फुलाचा फोटो काढतात आणि ॲप काहीही सांगतं. चार फोटो काढा: लांबून अख्खं झाड, खोडाची साल, पानाची दोन्ही बाजू, आणि पडलेलं फूल हातात धरून. वर बघून फोटो काढताना पांढऱ्या आकाशामुळे फूल काळं पडतं. त्याच्या मागे दुसऱ्या झाडाची हिरवी पानं येतील अशी जागा शोधा.

पडलेलं फूल हातात घेऊन बघा आणि परत तिथेच ठेवा. तोडणं अर्थातच नाही. खोडावर नावं कोरणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते हे वाचत नसतील. झाडांसाठी या शहरात लोक उभेही राहिले आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा मोठा आराखडा आला तेव्हा ही जुनी झाडं वाचावीत म्हणून नागरिकांनी चिवटपणे पाठपुरावा केला होता. तुम्ही ज्या सावलीत पाणी पिताय ती थोडी त्यांचीही आहे.

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात जायचं असेल तर

राणीबाग झाली की काहींना पुढची भूक लागते. मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं विद्यानगरी संकुल, पवईची आयआयटी, शहरातली जुनी महाविद्यालयं, सगळीकडे जुनी झाडं आहेत. पण ही सार्वजनिक उद्यानं नव्हेत. फाटकावर जाऊन ‘झाडं बघायची आहेत’ म्हटलं तर सुरक्षारक्षक तुमच्याकडे संशयाने बघेल आणि त्याचं चुकणार नाही. वनस्पतिशास्त्र विभागाला आधी दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल पाठवा, कोण, कितीजण, कोणत्या दिवशी. परीक्षांचे दिवस टाळा. मार्च-एप्रिलमध्ये नेमकी तीच पंचाईत असते, म्हणून फेब्रुवारीत विचारा. ओळखीचा विद्यार्थी असेल तर काम सोपं. एकट्याने जाण्यापेक्षा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेच्या निसर्गफेरीत नाव दिलंत तर परवानगीची कटकट त्यांची आणि शिकणं तुमचं. या संस्थेची स्थापना १८८३ ची, त्यामुळे मुरलेली माणसं भेटतात. पत्रापत्रीचा कंटाळा असेल तर माहीमचं निसर्ग उद्यान आहे, शहराच्या जुन्या कचराभूमीवर उभं केलेलं.

निघताना, आणि पुन्हा येताना

दोन-अडीच तासांत थांबा. पहिल्या दिवशी सहा झाडं नीट ओळखता आली तरी खूप झालं, साठ बघून घरी गेलात तर एकही लक्षात राहत नाही. वहीत झाडाचं नाव, तारीख, आणि त्या दिवशी त्यावर काय होतं एवढं लिहा: कळ्या, फुलं, कोवळी पानं, शेंगा. बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघून घ्या. तो घारापुरीचा. ज्या बेटाला इंग्रजीत हत्तीचं नाव मिळालं, ते याच्यामुळे.

दुसरी फेरी एप्रिलच्या शेवटी ठेवा. तेव्हा सीताअशोकावर चपट्या, लालसर शेंगा असतील, बहावा पिवळा झालेला असेल आणि तामण जांभळं. तामण म्हणजे आपलं राज्यफूल, आणि त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘स्पेसिओसा’ तोवर तुम्हाला वाचता येत असेल.

आणि एक झाड या दोन्ही फेऱ्यांत तुम्हाला निराश करेल: गोरखचिंच. हत्तीच्या पायासारखा फुगलेला बुंधा, वर निष्पर्ण फांद्या, त्यांना दोरीने टांगल्यासारखी लांबट फळं. शेजारची सगळी बाग फुललेली आणि हे वाळल्यासारखं उभं. ते मेलेलं नाही. आफ्रिकेतून आलेलं हे झाड वसंताची दखलच घेत नाही. त्याला पानं पावसाच्या तोंडावर फुटतात आणि मोठी पांढरी फुलं त्यानंतर, तीही रात्री उमलणारी. ती बघायला जून-जुलैत सकाळी लवकर जावं लागतं, छत्री घेऊन.